बरोक ऑपेरात टेनरला काम काय?

तुमच्या पत्राचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तर कशाला देतोय ते स्पष्ट राहील. वय सव्वीस, आवाज टेनर (म्हणजे पुरुषी आवाजांतला उंच पल्ल्याचा), मुंबईत पाच वर्षं पाश्चात्त्य गायनाचं शिक्षण, आणि अलीकडे बरोक संगीताचं, म्हणजे युरोपातल्या साधारण 1600 ते 1750 च्या संगीताचं, वेड. तुमचे शिक्षक म्हणतात, "त्या काळात नायकाची सगळी कामं कॅस्ट्राटो गायकांकडे होती, आज ती काउंटरटेनर गातात. टेनरच्या वाट्याला म्हातारा बाप नाहीतर दाई. त्यापेक्षा दोनिझेत्ती कर." (कॅस्ट्राटो म्हणजे लहानपणी खच्ची केलेले, उंच आवाजाचे गायक; काउंटरटेनर म्हणजे खोट्या आवाजात उंच गाणारे पुरुष; दोनिझेत्ती हा एकोणिसाव्या शतकातला ऑपेराकार.) हे खरं आहे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

शिक्षक सांगतात ते अर्धं खरं आहे. दाईचं तर शंभर टक्के खरं. युरोपातल्या नऊ वर्षांत मी स्वतः दोनदा दाई झालोय, एकदा तर उसन्या चोळीत. पण उरलेल्या अर्ध्यात गडबड आहे. "नायक कोण" एवढ्यावरच टेनरची किंमत ठरवायची सवय आपल्याला एकोणिसाव्या शतकाने लावली. बरोक काळात टेनर हा आधी शब्दांचा माणूस होता. उंच स्वर मारून टाळ्या घेणं त्याच्याकडे नव्हतं. गोष्ट सांगणं, समजूत घालणं, कोसळणं, मरणं हे सगळं त्याच्याकडे होतं. हे डोक्यात बसलं की कुठली कामं घ्यायची आणि कशी गायची, दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

सुरुवातच बघा. 6 ऑक्टोबर 1600 रोजी फ्लोरेन्सच्या पित्ती राजवाड्यात, मारिया दे मेदिचीच्या लग्नानिमित्त, याकोपो पेरीचं 'एउरिदिचे' झालं. पूर्ण संगीत हाती असलेल्या ऑपेरांपैकी हा सगळ्यात जुना. त्यात ऑर्फेओची भूमिका खुद्द पेरीने केली, आणि पेरी टेनर होता. छापील प्रतीच्या प्रस्तावनेत तो लिहितो की त्याला बोलणं आणि गाणं यांच्या मधली एक चाल हवी होती. बोलण्यापेक्षा चढी, गाण्यापेक्षा उतरती. ऑपेरा जन्माला आला तो हा मधला रस्ता शोधताना, आणि त्यावरून चालणारा पहिला माणूस तुमच्याच जातीच्या आवाजाचा होता.

सात वर्षांनी, 24 फेब्रुवारी 1607 रोजी, मांतुआच्या दरबारात माँतेव्हेर्दीचा 'ऑर्फेओ' झाला. नायकाची भूमिका फ्रांचेस्को राझीने केली असं मानलं जातं. हा फ्लोरेन्सचा गायक-संगीतकार काच्चिनी याचा शिष्य आणि पेरीच्या ऑपेरातही गायलेला. (माणूस भलताच होता. पुढे सावत्र आईच्या नोकराच्या खुनाबद्दल त्याला देहदंड झाला आणि तो मांतुआच्या गोंझागा राजघराण्याच्या वजनामुळे सुटला. टेनर मंडळींचा नाटकीपणा तेव्हापासूनचा.)

या ऑपेराच्या तिसऱ्या अंकातलं 'पोस्सेन्ते स्पिर्तो' हे पद जरा जवळून बघू, कारण टेनरचा अख्खा अभ्यासक्रम त्यात आहे. मेलेल्या बायकोला परत आणायला ऑर्फेओ पाताळात निघालाय. नदीवर कारोन्ते नावाचा खर्जातला नावाडी त्याला अडवतो: जिवंत माणसाला नाव नाही. ऑर्फेओकडे शस्त्र नाही, पैसा नाही, फक्त गळा आहे. 1609 च्या छापील प्रतीत माँतेव्हेर्दीने इथे गायकासाठी एकाखाली एक दोन ओळी दिल्या आहेत. वरची साधी, खालची तानांनी गच्च भरलेली. सूचना अशी की दोन्हींपैकी एकच गा. पहिल्या कडव्यात मधेमधे दोन व्हायोलिन उत्तर देतात, दुसऱ्यात दोन कोर्नेत्तो (लाकडी फुंकवाद्यं), पुढे दुहेरी तारांची हार्प. एकेका वाद्याशी जुगलबंदी करत ऑर्फेओ आपली सगळी विद्या पणाला लावतो.

आणि मग शेवटी 'सोल तू, नोबिले दिओ' या शब्दांवर सगळी कलाकुसर गळून पडते. तंतुवाद्यं हळू आवाजात मागे राहतात, गायकाला एकच साधी ओळ उरते. विद्या दाखवून झाली, आता हा माणूस नुसता विनवतोय. हे वळण ज्याला कळलं त्याला माँतेव्हेर्दी कळला.

मला ते कळलं नव्हतं. पहिल्यांदा युरोपात ऑडिशनला गेलो तेव्हा हेच पद घेऊन गेलो होतो. सगळ्या ताना पाठ, एकही स्वर गळत नव्हता, आवाजही मोकळा लागला होता. तीन कडवी झाल्यावर समोरच्या बाईंनी हात वर केला. "छान," त्या म्हणाल्या, "आता कारोन्ते झोपला." हसू आवरून त्यांनी मला शब्द नुसते वाचायला सांगितले. मला चौथ्या ओळीचा अर्थ सांगता येईना. गंमत अशी की गोष्टीतही नेमकं तेच होतं. इतकं सुंदर गाणं ऐकून नावाड्याला आनंद होतो, पण दया येत नाही. तो चक्क झोपी जातो आणि ऑर्फेओ त्याची नाव पळवतो. विद्वत्तेने कुणाचं मन वळत नाही हा विनोद माँतेव्हेर्दीने टेनरच्याच गळ्यात घातलाय.

या पदातल्या दागिन्यांपैकी एक तुम्हाला त्रास देणार आहे, तो म्हणजे त्रिल्लो. आज 'ट्रिल' म्हणतात तो दोन शेजारच्या स्वरांचा झुलवा. त्याला काच्चिनी 'ग्रुप्पो' म्हणतो. त्याचा 'त्रिल्लो' वेगळा आहे: एकाच स्वरावर 'आ' कायम ठेवून गळ्याने तो स्वर पुन्हापुन्हा ठोकायचा, आधी संथ, मग भराभर. मराठी गायकाला वाटतं, ही तर गमक. तसं नाही. गमकेत आवाज स्वराच्या खालून-वरून हेलकावा घेतो. इथे स्वर जागचा हलता कामा नये. जोर लावला की तो शेळीसारखा बें-बें होतो, आणि 'ह' सुटला की कुणी हसतंय असं वाटतं. मधल्या सप्तकात, बोलण्याच्या निम्म्या आवाजात, रोज पाच मिनिटं करा. सहा आठवड्यांनी गळा आपोआप ओळखतो. भरल्या आवाजात तो येतच नाही, आणि त्यातच त्या काळच्या गायकीचं मर्म आहे: ती हलक्या वजनाची होती.

त्याच माँतेव्हेर्दीचं 'कोम्बात्तिमेंतो' (व्हेनिस, 1624) तुमच्या यादीत 'ऑर्फेओ'च्याही वर लिहा. तांक्रेदी आणि क्लोरिंदा अंधारात एकमेकांना न ओळखता लढतात, आणि ही लढाई 'तेस्तो' म्हणजे निवेदक सांगतो. लढणाऱ्या दोघांना मिळून जेमतेम मोजक्या ओळी आहेत. बाकी वीस मिनिटं टेनर बोलतो. घोड्यांच्या टापा, तलवारींचे खणखणाट, धापा, सगळं त्याच्या तोंडून. शाहीर पोवाड्यात अफझलखानाचा वध सांगतो तेव्हा तो शिवाजीही नसतो आणि खानही नसतो, पण दोघं आपल्याला दिसतात; अगदी तीच जागा. माँतेव्हेर्दीने छापील सूचनेत बजावलंय की निवेदकाचा आवाज स्वच्छ, ठाम आणि उच्चार स्पष्ट हवा, आणि 'नोत्ते' म्हणजे 'रात्र' या शब्दाने सुरू होणारं एक कडवं सोडलं तर त्याने कुठेही ताना किंवा त्रिल्लो घेऊ नयेत. ज्या माणसाने 'पोस्सेन्ते स्पिर्तो' लिहिलं त्यानेच हे सांगितलंय, म्हणून या सूचनेला किंमत आहे.

आता तुमच्या शिक्षकांच्या मुद्द्याकडे. 1637 मध्ये व्हेनिसला सान कास्सियानो नाट्यगृह तिकीट लावून उघडलं आणि ऑपेरा दरबारातून बाजारात आला. बाजारात खपला तो उंच आवाज. कॅस्ट्राटोकडे पोराचा गळा आणि पूर्ण वाढलेल्या पुरुषाची छाती, त्यामुळे दमसास अफाट. तारुण्य, शौर्य, प्रेम या सगळ्याचा आवाज उंच असतो असं प्रेक्षकांच्या कानाने मान्य केलं. आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. बालगंधर्वांना सिंधू आणि भामिनी म्हणून डोक्यावर घेणाऱ्या लोकांचे आपण पणतू आहोत. रंगभूमीवर आवाज आणि देह यांचं लग्न प्रेक्षक ठरवतात.

माँतेव्हेर्दीच्या 'पोप्पेआ'त (1643) सम्राट नीरो उंच कॅस्ट्राटोसाठी आहे, आणि टेनरच्या वाट्याला काय तर सैनिक, कवी लुकानो आणि, हो, पोप्पेआची म्हातारी दाई आर्नाल्ता, जी कधी टेनर गातात, कधी आल्टो. पण त्या दाईला कमी लेखू नका. पोप्पेआला झोपवताना ती जी अंगाई गाते तिच्याइतकं शांत गाणं त्या ऑपेरात दुसरं नाही, आणि शेवटी मालकीण सम्राज्ञी होते तेव्हा ही बाई आपल्या बढतीवर जो आनंद व्यक्त करते त्यावर प्रेक्षागृह फुटतं. स्विस टेनर ह्युग क्युएनो यांनी कावाल्लीच्या 'कालिस्तो'तली लिंफेआ ही अशीच थोराड, पुरुषासाठी आसुसलेली बाई 1970 मध्ये इंग्लंडच्या ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवात साकारली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमध्ये त्यांनी पदार्पण केलं ते 1987 मध्ये, चौऱ्यांशी वर्षांचे असताना, आणि 2010 मध्ये 108 वर्षांचे होऊन गेले. शब्दांवर गाणाऱ्या टेनरचा आवाज किती टिकतो, याला दुसरा पुरावा मी शोधत नाही.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. कुणी तुम्हाला नीरो देऊ केला तर दोनदा विचार करा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही भूमिका एक सप्तक खाली आणून टेनरला देत असत. 1962 मध्ये ग्लाइंडबोर्नला रिचर्ड लुइस यांनी ती तशी गायली. ऐकायला भारदस्त वाटतं, पण शेवटच्या युगुलगीतात नीरो आणि पोप्पेआच्या ओळी एकाच उंचीवर एकमेकींना घासत, ओलांडत जातात. त्या घासण्यातच सगळा शृंगार आहे. एक ओळ सप्तकभर खाली गेली की ते दोघं दोन मजल्यांवर राहणारे शेजारी होतात.

अठराव्या शतकात चित्र पक्कं झालं: पहिला नायक कॅस्ट्राटो, नायिका सोप्रानो, टेनर म्हणजे राजा, बाप, सेनापती, जुलमी. आपल्याकडच्या वाचकाला गंमत वाटेल असं उदाहरण म्हणजे हँडेलचा 'पोरो', लंडन, 1731. पोरो म्हणजे आपला पोरस. भारतीय राजाची नायकाची भूमिका सेनेझिनो या कॅस्ट्राटोने केली आणि जग जिंकायला निघालेला सिकंदर होता टेनर, आन्निबाले पिओ फाब्री. जेता खालच्या आवाजात, प्रेमात पोळलेला वरच्या आवाजात. सत्ता टेनरकडे, काळीज कॅस्ट्राटोकडे, अशी ढोबळ वाटणी.

पण सात वर्षं आधी ही वाटणी एका टेनरने मोडली होती. फ्रांचेस्को बोरोसिनी.

हँडेलने 'तामेर्लानो' जुलै 1724 मध्ये तीन आठवड्यांत लिहून काढला. तामेर्लानो म्हणजे 1398 मध्ये दिल्ली लुटणारा तैमूरलंग. त्याने 1402 मध्ये अंकाराला ऑटोमन सुलतान बायझीदला हरवून कैद केलं, आणि ऑपेरा त्या कैदेचा आहे. तैमूर कॅस्ट्राटो, प्रेमी राजपुत्र कॅस्ट्राटो, आणि कैदी सुलतान, ऑपेरातला बायाझेत, टेनर. बोरोसिनी लंडनला आला तो रिकाम्या हाताने नाही. 1719 मध्ये इटलीतल्या रेज्जोला त्याने हीच भूमिका गास्पारिनीच्या ऑपेरात केली होती, आणि ती प्रत तो बरोबर घेऊन आला. सुलतानाने रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर मरावं ही कल्पना त्याचीच असं मानतात. हँडेलने ती प्रत बघितली आणि लिहून झालेल्या ऑपेराची तोडफोड करून पुन्हा बांधणी केली. 31 ऑक्टोबरला हेमार्केटच्या किंग्ज थिएटरात प्रयोग झाला. आधी लिहून तयार असलेलं काम एका गायकासाठी, तेही टेनरसाठी, हँडेल उलथवतो. तुमच्या शिक्षकांना एवढंच सांगा.

तो मृत्यूचा प्रसंग असा आहे. बायाझेत विष घेऊन दरबारात येतो, आणि येतो तो चक्क आनंदात; तैमूरच्या हाती आता काहीच उरलेलं नाही. आपण मरणार हे बायाझेतला ठाऊक असतं, बाकीच्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. इथून पुढे नेहमीची शिस्त हँडेल गुंडाळून ठेवतो. त्या काळचा रिवाज म्हणजे हार्पसिकॉर्डच्या (पियानोच्या आधीच्या पेटीवाद्याच्या) साथीवर संवाद, मग आरिया म्हणजे एकट्याचं गाणं, टाळ्या, गायकाचा प्रवेश संपला. इथे संवादाचं आर्त बोलणं होतं, तंतुवाद्यं आत येतात, थांबतात, पुन्हा येतात. मुलीला तो म्हणतो, 'फिल्या मिया, नॉन प्यांजेर, नो', पोरी, रडू नकोस. ही ओळ एवढी साधी आहे की पहिल्या तालमीला मी ती चुकून सुंदर गायलो. सुंदर गायची नाही. बापाला दम लागत नाहीये आणि तरी पोरीसमोर आवाज स्थिर ठेवायचाय. हे दोन्ही एकाच वेळी ऐकू यायला हवं. मग तो तैमूरवर उलटतो, पाताळातल्या सूडदेवतांना हाका मारतो, आणि वाक्याचे तुकडे पडू लागतात. एक शब्द, विराम. अर्धा शब्द, विराम. हँडेलने विराम मोजून लिहिलेत. ते विराम म्हणजे विश्रांती नाही, त्या वेळी फुप्फुसात हवा नाही असं समजून गा. त्याला धरून बाहेर नेतात आणि भूमिका संपते. शेवटचा उंच स्वर नाही, ठेहराव नाही.

या प्रसंगात दा कापोची मांडणी नाही हेही लक्षात घ्या. दा कापो म्हणजे पहिला भाग, दुसरा भाग, मग पहिला पुन्हा, नव्या हरकती घालून. मरणारा माणूस मागे वळून तेच पुन्हा सजवून म्हणत नाही.

बोरोसिनीच्या आवाजाने हँडेलला चटक लागली असावी. साडेतीन महिन्यांत, 13 फेब्रुवारी 1725 ला, 'रोदेलिंदा' आलं आणि त्यात ग्रिमोआल्दो हा सिंहासन बळकावणारा टेनर. दोन अंक गुरकावतो. तिसऱ्यात त्याची छाती नरक झालीये असं स्वतःच म्हणतो, आणि मग एकदम झुलत्या ठेक्यात गातो की चार मेंढरांचा गरीब धनगरसुद्धा झाडाखाली निवांत झोपतो, मी राजा असून मला झोप नाही. तुमच्या वयाच्या टेनरला ऑडिशनसाठी 'पास्तोरेल्लो' हे पद मी डोळे झाकून देतो. उंची बेताची, लय ठाय, आणि बोलायला भरपूर.

हँडेल पुढे इंग्रजीत लिहू लागला तेव्हा तर टेनर थेट मध्यभागी आला, पण ते ऑपेरा नव्हेत, ऑरेटोरियो, म्हणजे वेशभूषा-अभिनयाशिवाय नुसती गायलेली नाट्यं, म्हणून थोडक्यात. जॉन बिअर्ड हा चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे राजाच्या प्रार्थनागृहातल्या गायकवृंदात, वाढलेला पोरगा 1735 च्या 'आरिओदांते' आणि 'आल्चीना'त जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी लिहिलेला आंधळा सॅमसन त्याने 1743 मध्ये गायला, आणि जेफ्था 1752 मध्ये. 'जेफ्था' लिहिता लिहिता हँडेलची स्वतःची डाव्या डोळ्याची नजर गेली. हस्तलिखितात त्याने तशी नोंद केलीये, 13 फेब्रुवारी 1751. या भूमिकांत कॅस्ट्राटो नाही. नायक टेनर. आणि बाप किंवा पडलेला योद्धाच. बायाझेतची सावली त्यांच्यावर आहे असं माझं मत, ते वादाला मोकळं आहे.

फ्रान्सचं प्रकरण वेगळं. तिथे कॅस्ट्राटो नायक प्रेक्षकांना पचला नाही, म्हणून प्रेमी आणि वीर 'ओत-काँत्र' गात. हा काउंटरटेनर नव्हे. यावर तुम्ही पत्रात गोंधळ केलाय आणि तो सगळेच करतात. काउंटरटेनर मुख्यतः खोट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत गातो. ओत-काँत्र हा टेनरच, वर चढताना छातीचा आवाज हळूहळू हलका करत डोक्यात मिसळणारा. ल्युलीच्या 'आतिस'पासून (1676) रामोच्या 'दार्दानूस'पर्यंत (1739) नायक हाच. ल्युलीचा लाडका द्युमेनी हा मूळचा स्वयंपाकी, आणि त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. भूमिका तोंडी शिकवाव्या लागत. गुरुमुखातून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना तेवढाच दिलासा. रामोचा झेलियॉत मात्र पक्का संगीतकार. 1745 मध्ये व्हर्सायला युवराजाच्या लग्नात त्याने 'प्लाते' केली: दलदलीतली कुरूप अप्सरा, जिला वाटतं ज्युपिटर आपल्यावर भाळलाय. बेडकांसारखं 'क्वा? क्वा?' करत गाणारी ही बाई आधी हसवते आणि शेवटच्या अपमानात हसू गोठवते. आपल्या काळात झाँ-पॉल फुशेकूर आणि पॉल ॲग्न्यू यांनी ती गाजवली. तुमचा आवाज खरोखर हलका असेल, वर सहज तरंगत असेल, तर फ्रेंच शिका. ओत-काँत्र आजही दुर्मिळ आहेत, मागणी त्यांना आहे.

उंचीबद्दल तुम्ही विचारलंय, की "वरचा सी नाही लागत, चालेल का?" चालेल. वरचा सी भरल्या छातीने मारायची प्रथा ज्याच्या नावावर आहे तो जिल्बेर द्युप्रे 1831 चा. बरोकशी त्याचा संबंध नाही. हँडेलच्या टेनरला बहुतेक वेळा मधल्या सीच्या वरचा ए हीच मर्यादा. आपल्या भाषेत सांगतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार पंचम म्हणजे जी-शार्प. आज बरोक वाद्यवृंद साधारण ए=415 ला लावतात, म्हणजे चालू पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली; त्यामुळे हँडेलचा छापील ए प्रत्यक्षात वाजतो तो याच जी-शार्पवर. फ्रेंच पट्टी आणखी खाली, 392 च्या आसपास, पूर्ण एक स्वर उतरलेली. रामोचा छापील बी-फ्लॅट पुन्हा तिथेच येऊन बसतो. काळी एकातला तार पंचम बिनकष्टाने लागतो का, एवढंच तपासा. 'ऑर्फेओ' तर त्याच्याही खाली, तार गंधार-मध्यमाच्या आत खेळतो, म्हणून आज कितीतरी बॅरिटोन तो गातात. तुम्हाला तो खाली पोकळ वाटला तर तुमचं काम हँडेल किंवा रामो.

लगाव मात्र बदलावा लागेल. तार षड्जाच्या वर गेल्यावर आवाज जाड ठेवून ढकलू नका. तोझी नावाच्या कॅस्ट्राटोने 1723 मध्ये बोलोन्याला छापलेल्या पुस्तकात छातीचा आणि डोक्याचा आवाज असा सांधायला सांगितलाय की सांधा कळू नये. नाही सांधला तर सौंदर्य गेलं म्हणून समजा. पेटीवर सा धरून तार सप्तकात हलका 'ऊ' घ्या, तोच 'ओ' करा, मग 'आ'. आवाज जिथे दचकतो तिथे थांबून तिथेच पुन्हा. तुमच्या दोनिझेत्तीचंही यात काही बिघडत नाही, उलट सुधारेल.

उच्चारात आपण मराठी माणसं जन्मतः पुढे आहोत आणि हे कुणी सांगत नाही. इटालियन 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजी मुलांना ते शिकायला वर्ष जातं. जोडाक्षरंही तशीच. 'नोत्ते' म्हणताना 'सत्तर', 'पत्ता' म्हणतो तसा त वर क्षणभर थांबा, झालं. आपली खोड दुसरी: शब्दाचा शेवटचा स्वर गिळायची. 'घर', 'वाट' म्हणणारी जीभ 'मोर्ते'चं 'मोर्त' करून टाकते. इटालियनमध्ये शेवटच्या स्वरावरच पुढचं वाक्य उभं असतं. तो हलका हवा, पण हवाच.

संवादाच्या भागात, म्हणजे रेचितातीव्होत, दोन गोष्टी छापलेल्या नसतात आणि कराव्या लागतात. लय मोजायची नाही. चार मात्रांचे खण फक्त डोळ्यांच्या सोयीचे असतात, वाक्य बोलल्यासारखं पुढे-मागे जाऊ द्या, हार्पसिकॉर्डवाला तुमच्यामागे येईल. आणि ओळीच्या शेवटी एकाच उंचीचे दोन स्वर छापलेले दिसले, म्हणजे शब्दाचा आघात उपान्त्य अक्षरावर असेल, तर पहिला स्वर एक पायरी वरून घ्या. त्याआधी उडी चौथ्या स्वराची असेल तर आधीचाच स्वर पुन्हा घ्या आणि मग खाली या. हे न करणारा गायक दोन ओळींत ओळखू येतो.

तर असं करा. पहिले तीन महिने 'तेस्तो', तानांशिवाय. ठाण्या-मुंबईत हार्पसिकॉर्ड सहज मिळणार नाही, पियानो चालेल, फक्त पेडल नको. त्याच्या जोडीने 'पास्तोरेल्लो'. 'पोस्सेन्ते स्पिर्तो' करायचंच असेल तर आधी वरची साधी ओळ, आणि ती पुरेशी वाटेपर्यंत खालची उघडायची नाही. बायाझेतचा मृत्यू वर्षभराने. तो घेऊन माझ्याकडे याल तेव्हा स्वरलिपी घरी ठेवा. नुसती संहिता आणा, मराठीत अर्थ लिहिलेली, तुमच्या हाताने. आधी तुम्ही ती मला मराठीत वाचून दाखवायची.